काकीजींना कळायच्या आत

अखिलभैय्याचा फोन आला तेव्हा माझी एक वेणी झाली होती आणि दुसरीची रिबिन दातात होती. स्क्रीनवर त्याचं नाव बघून मी रिबिन थुंकली आणि हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "वाढल्या ना प्लेटलेट्स? मी कालच म्हटलं होतं, आज वाढणार म्हणून."

मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याच्या चाकांचा खडखडाट येत होता. मग तो म्हणाला, "डिंपल, दीदी नाही राहिली. आत्ता, सकाळी."

मी आरशात बघत होते. आरशातल्या मुलीचं तोंड उघडं होतं आणि तिला ते मिटता येत नव्हतं.

"ऐकतेस ना? रडू नकोस. आत्ता नको, प्लीज. तुझ्याकडे एक काम आहे."

दीदी म्हणजे हर्षितादीदी, अखिलभैय्याची मोठी बहीण. जळगावला एका दैनिकात बातमीदार होती. सावद्याच्या बाजारपेठेत त्यांचं घर, खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान, वर राहायला. आमचं घर त्यांच्या मागच्या बोळात. मी दहावीत आणि ती सव्वीस वर्षांची, पण आमची मैत्री होती. उगाच म्हणायचं म्हणून नाही, खरीच. शनिवारी ती गावी आली की आठवडाभरात कुठे कुठे फिरली, कुणी हाकललं, कुणी चहा पाजला, सगळं मला सांगायची. मी तिला माझं सांगायचे. गेल्या आठवड्यात तिला ताप आला. डेंग्यू निघाला. जळगावलाच अ‍ॅडमिट केलं. तिची आई, म्हणजे धनकुंवर काकीजी, चार दिवस तिच्या उशाशी होत्या. काल संध्याकाळी रिपोर्ट जरा बरा आला म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना बळंच घरी पाठवलं होतं. एक रात्र झोपा, आंघोळ करा, उद्या परत या म्हणून.

"मम्मीला सांगितलेलं नाही," अखिलभैय्या म्हणाला. "पप्पा म्हणतात, आम्ही घेऊन येईपर्यंत तिला कळता कामा नये. तिचं बीपी तुला माहितीये. इथले कागद व्हायचेत, मग गाडी निघेल. दुपार होईल. तोपर्यंत तू तिच्याजवळ बस. फोन काढून घे तिचा. कुणाला वर जाऊ देऊ नकोस."

"मी? माझ्या आईला पाठवते ना."

"नको. काकू सकाळी सकाळी वर गेल्या तर मम्मीला दारातच कळेल. तू रोज जातेस. तू गेलीस तर तिला काहीच वाटणार नाही."

त्याचं बरोबर होतं. मी कशाला घाबरत नाही असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरत होते. भुसावळच्या वक्तृत्व स्पर्धेत आठशे लोकांसमोर बोलून आले होते. पण तिथे बोलायचं होतं. इथे बोलायचं नव्हतं, आणि ते मला कधीच जमलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे बघूनच ती समजली. ओट्याला धरून खाली बसली. "वो माय," एवढंच म्हणाली. मग मी अखिलभैय्याचं सांगितलं तशी उठली.

"तुले जमन का हे?"

"नाही."

"मग मी येते."

"तू आलीस की त्यांना कळेल ना."

आईने विचार केला. मग माझा खांदा धरून मला वळवलं आणि अर्धी वेणी घालायला घेतली. दोनदा तिच्या हातून पेड सुटला. "अर्ध्या वेणीनं जाशील तं तिथंच कळन तिले," ती म्हणाली. रिबिन बांधली, तोंडावर ओला टॉवेल फिरवला, पावडर लावली. दप्तर पाठीवर अडकवलं. "शाळेत जाताना डोकावली, असंच वाटलं पाहिजे. आन जास्त बोलू नको. तू जास्त बोलतं."

मागच्या जिन्याने वर गेले. एरवी मी दोन दोन पायऱ्या चढते आणि खालूनच "काकीजी, मी आले" ओरडते. आज एकेक पायरी चढत होते. मध्येच लक्षात आलं की ओरडायचं राहिलं. मग अर्ध्या जिन्यातून ओरडले. आवाज बरा निघाला, म्हणून अजूनच भीती वाटली.

काकीजी स्वयंपाकघरात होत्या. आंघोळ झालेली, केस ओले, कपाळाला टिकली. गॅसवर मुगाची खिचडी शिजत होती आणि ओट्यावर स्टीलचा तीनपुडी डबा उघडा पडला होता.

"ये बेटा. बरं झालं आलीस. ते फडकं दे. कालपासून ती खिचडी खिचडी करतेय. दवाखान्यातली नको म्हणते, तिखट असते. ही नरम केलीय, पाणीच समज." त्यांनी झाकण उचललं, चमच्याने ढवळलं. "मीठ बघ गं जरा. माझा आज उपवास."

त्यांनी माझ्या तळहातावर खिचडी ठेवली. मी चाटली. मीठ होतं की नव्हतं, देव जाणे.

"बरोबर आहे."

"बरोबर कसं? मीठ टाकायचं विसरलेच की मी." त्या माझ्याकडे बघून हसल्या. "लक्ष कुठे आहे तुझं? पेपर आहे काय?"

"हो, गणिताचा," मी म्हटलं. मग लगेच, "म्हणजे उद्या. आज पहिले दोन तास ऑफ आहेत." आईने बजावलं होतं जास्त बोलू नको, आणि मी पहिल्याच वाक्यात दोनदा खोटं बोलून बसले होते.

त्यांचा फोन फ्रिजवर होता. तिथूनच तो वाजायला लागला. काकीजींनी आता कणीक मळायला घेतली होती, हाताला पीठ होतं, म्हणून मी झडप घातली. 'धुळे फुईजी' असं नाव होतं. काकाजींची, म्हणजे दीदीच्या पप्पांची बहीण. मी कट केला.

"कोण?"

"कंपनीचा. रिचार्ज संपत आलाय म्हणे."

"मेले. सारखे छळतात." त्या पीठ मळत राहिल्या.

"काकीजी, तुमच्या फोनमध्ये दीदीचे व्हिडिओ आहेत ना जुने? मला बघायचेत. ती कशी बोलते ते. स्पर्धेसाठी."

"बघ की. चष्मा नसला की मला तर काही दिसतच नाही त्यात."

फोन हातात आला. मी पुढच्या खोलीत जाऊन सोफ्यावर बसले आणि तेवढ्यात तो थरथरायला लागला. कॉल नव्हता, मेसेज येत होते, एकावर एक. आधी 'सकल जैन संघ सावदा', मग 'बाजारपेठ मित्रमंडळ', मग बाकीचे. सगळ्यांवर तोच फोटो. दीदीचा, माइक हातात घेतलेला, हसतानाचा. चारी बाजूंनी पांढरी फुलं लावलेली, खाली दिवा. भावपूर्ण श्रद्धांजली.

तो फोटो मी काढला होता. केळीच्या कापणीवर गेलो होतो तेव्हा. तिच्या मागे घड लादलेला ट्रक होता, तो कापून टाकलेला.

मी फोन उलटा करून मांडीवर दाबला. तरी तो मांडीवर थरथरतच होता. बटण दाबून बंद केला. माझ्या फोनवरही तेच येत होतं. ज्यात मी आहे त्या प्रत्येक ग्रुपवर. अख्ख्या सावद्याला कळलं होतं, फैजपूरला कळलं होतं, धुळ्याच्या फुईजींना कळलं होतं. आणि जिची मुलगी तिला माहीत नव्हतं. ती आत डब्याचा वास जातो का बघत होती.

दीदीला हे मुळीच चाललं नसतं. सातवीत असताना मी पहिल्यांदा तिच्या मागे लागून बातमीला गेले, तेव्हा हेच झालं होतं. दीदीच्या घरासमोरच चहाची टपरी असलेले हिलालनाना वारले म्हणून ग्रुपवर बॅनर आलं होतं. पेपरवाल्यांनी दीदीला फोन केला, दोन ओळी पाठव. ती म्हणाली, आधी दारी जाऊन येते. मी तिच्या स्कूटीवर मागे. गेलो तर नाना ओट्यावर शेंगा फोडत बसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते, डोळ्याला हिरवी पट्टी.

"नाना, तुम्ही गेलात म्हणे," दीदी म्हणाली.

"मले कोनी सांगलं नाही व," नाना म्हणाले. "बस. मेलेल्याच्या घरचा चहा घेऊन जा."

आम्ही पोट धरून हसलो. पण तेवढ्यात नानांची मुलगी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून रिक्षा करून आली. पायात चप्पल नाही, पदर कुठे, पिशवी कुठे. बाप जिवंत बसलेला बघून ती दारातच कोसळली. दीदीचं हसू तिथेच थांबलं. परत येताना ती स्कूटीवर एवढंच बोलली, "मरणाची बातमी आधी घरात जाते. मग गावात. उलटं झालं की ते पाप आहे, समजलं?" त्यानंतर तिने कुणाच्या निधनाची एक ओळसुद्धा दारी गेल्याशिवाय पाठवली नाही. संपादक ओरडायचे, उशीर होतो. होऊ दे म्हणायची.

आणि आज उलटं झालं होतं, आणि त्या दारावर राखणीला मी बसले होते.

मी मागच्या गॅलरीत गेले आणि जितेंद्रभाऊंना फोन लावला. दीदीच्याच पेपरचे धुळ्याचे बातमीदार. बॅनरखाली त्यांचं नाव होतं.

"भाऊ, ते काढा. आधी काढा. इथे काकीजींना माहीत नाही."

पलीकडे ते रडत होते. मोठा माणूस असा रडताना मी ऐकला नव्हता. रडता रडता अहिराणीतच बोलत होते. "मी काढं व ताई. पण बठ्ठा ग्रुपवर गयं ते आते. मन्हा हातमा नही राहिनं." त्यांनी काढलं होतं, पण तोवर ते सगळ्या ग्रुपवर गेलं होतं. मग जरा शुद्धीवर येऊन म्हणाले, "मला वाटलं घरचे सगळे तिथेच असतील. मी नाही विचारलं. तिने विचारलं असतं."

आतून काकीजींनी हाक मारली. "डिंपल, अखिलला फोन लाव बेटा. सकाळपासून त्याने केलाच नाही."

मी आत गेले. त्या खिडकीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर हर्षितादीदीचे दोन कुडते, एक निळा, एक पिवळा.

"तुमच्या फोनची चार्जिंग संपली."

"मग तुझ्यावरून लाव."

मी लावला. उचलू नको, उचलू नको, असं मनात म्हणत कानाला धरला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "काय झालं? कळलं तिला?"

"हो भैय्या, काकीजी विचारतात, डॉक्टर आले का," मी म्हटलं.

त्याने घसा साफ केला. "सांग, राउंडला आलेत. बाहेर काढलंय आम्हाला."

"राउंडला आलेत," मी सांगितलं.

"प्लेटलेट्स विचार."

मी विचारलं. तो म्हणाला, "डिंपल, मी नाही बोलू शकत," आणि ठेवून दिला. मी बंद फोन कानाला धरून "बरं, बरं" म्हणत राहिले. "वाढल्यात म्हणे," मी काकीजींना म्हटलं. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. इतकं सहज निघालं होतं.

काकीजींनी हात जोडले, डोळे मिटले, नवकार मंत्र म्हटला. मग पिवळा कुडता उचलला. "हा घेते. याच्या बाह्या सैल आहेत. सुई लावलेला हात आत जाईल की नाही?"

मी मान हलवली. त्या कुडता घडी घालत होत्या आणि मी घड्याळाकडे बघत नव्हते, कारण मी बघितलं की त्याही बघायच्या.

तेवढ्यात रस्त्यावरून तो आवाज आला.

बाजारपेठेत वाढलेल्या कुणालाही तो समजतो. शटर खाली ओढल्याचा आवाज. सकाळी शटर वर जातात तो वेगळा, रात्री पडतात तो वेगळा. भरबाजारात, दिवसाउजेडी, शटर अर्ध्यावर आणून थांबवतात तो अगदी वेगळा. आमच्याकडे पेठेतल्या कुणाच्या घरी मयत झाली की दुकानं अर्धी ओढतात आणि मयत निघेपर्यंत तशीच ठेवतात. पहिलं शटर पडलं. मग त्याच्या शेजारचं.

काकीजींचे हात थांबले. "कोण गेलं गं?"

"बघते," मी म्हटलं आणि पुढच्या जिन्याने पळाले. चार पायऱ्या एकदम.

खाली घेवरचंदजी स्वतःच्या कापड दुकानाचं शटर धरून उभे होते. व्यापारी संघाचे अध्यक्ष. त्यांना बघून आमच्या शाळेतले सरसुद्धा गाडीवरून उतरतात. मी त्यांचा हात धरला. दंडालाच.

"वर करा. काकाजी, वर करा ते."

"काय झालं बेटी?" त्यांचे डोळे लाल होते. "माझ्या डोळ्यासमोर वाढलेली पोर. एवढं तरी करू दे."

"काकीजींना माहीत नाही. त्या वर आहेत. त्यांना सांगितलेलं नाही अजून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मागून पलीकडच्या दुकानाचं शटर पडलं, मग मेडिकलचं. आवाज पेठेच्या टोकाकडे चालला होता. एकेक जण शेजारच्याचं बघून ओढत होता.

"पण अख्ख्या गावात मेसेज आला," घेवरचंदजी म्हणाले. "निर्मलकुमार पोरीला घेऊन येईल आणि बघेल, माझं दुकान उघडं. जन्मभर काय तोंड दाखवू त्याला? रीत आहे ही बेटी. मी अध्यक्ष आहे. मीच नाही पाळली तर?"

"ते आले की पाळा. आत्ता उघडा. हात जोडते." मी खरंच हात जोडले. दोन वेण्या, शाळेचा ड्रेस, बाजारपेठेच्या मध्ये. लोक बघायला लागले होते. माझा आवाज चिरकत होता. स्पर्धेत असा आवाज निघाला असता तर मी बसून घेतलं असतं.

"पडलेलं शटर परत नाही उचलत गं," ते म्हणाले. "अपशकुन असतो."

टपरीतून हिलालनाना बाहेर आले. त्यांनीही आपल्या टपरीची फळी अर्धी लावली होती. एका हाताने त्यांनी ती उचलली आणि भिंतीला टेकवली. "शेट, पोरगी बरोबर म्हनते," ते म्हणाले. "मले आपशकुन आता काय करीन? मी एकदा मेलेलो हे." मग पेठेकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "उघडा रे. उघडा समदे."

घेवरचंदजींनी डोळे पुसले आणि शटर वर ढकललं. मग मेडिकलचं गेलं, मग बाकीची. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. खरंच हसले. वाटलं, जमलं. मी आख्खी बाजारपेठ उघडायला लावली. दीदीला सांगायला पाहिजे.

आणि ते वाटलं तसंच विरलं.

वर बघितलं तर गॅलरीत काकीजी उभ्या होत्या. दोन्ही हात कठड्यावर. त्या खाली बघत होत्या, आणि खाली पेठेतले सगळे, मेडिकलवाला, नाना, घेवरचंदजी, सगळे माना खाली घालून आपल्या पायांकडे बघत होते. एकानेही वर बघितलं नाही.

मी वर गेले. किती वेळ लागला माहीत नाही. पायऱ्या संपत नव्हत्या आणि संपू नये असंही वाटत होतं.

त्या गॅलरीतून आत आल्या होत्या. सोफ्याच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. चुकून झालं. अफवा होती," मी म्हटलं.

"डिंपल." त्यांचा आवाज शांत होता. "पस्तीस वर्षं झाली मला या पेठेत येऊन. पडलेलं शटर मी कधी परत उचललेलं बघितलं नाही. शटर पडलं तेव्हा मला वाटलं, असेल कुणीतरी, म्हातारं माणूस. उचललं तेव्हा समजलं. माझ्यासाठी उचललं."

माझ्या चलाखीनेच सगळं उघडं पडलं होतं.

"हर्षिताचे पप्पा ना?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"दोन वर्षांपूर्वी अटॅक आला होता त्यांना. चार रात्री खुर्चीत बसून आहेत. मी म्हणत होते, तुम्ही घरी जा, मी थांबते. ऐकलं नाही." त्यांनी सोफ्याची पाठ घट्ट धरली होती. "पोरगी आताशी जरा बरी होतेय. तिला सांगितलं का? तिला सांगू नका इतक्यात. तिच्या प्लेटलेट्स आता कुठे वाढल्यात."

मला वाटलं, बोलू देत यांना असंच. दुपारपर्यंत. गाडी येईपर्यंत. अखिलभैय्या सांगेल, काकाजी सांगतील, कुणीतरी मोठं माणूस सांगेल. मी फक्त गप्प बसायचं. सकाळपासून मला तेवढंच तर करायचं होतं. पण त्या त्यांच्या मनात चुकीच्या माणसासाठी रडायला लागल्या होत्या, आणि मला दिसत होतं की थोड्या वेळाने त्यांना हेही रडणं परत घ्यावं लागणार आहे, आणि मग दुसरं रडावं लागणार आहे. दोन मरणं. आणि त्यातलं एक मी दिलेलं.

मी इतकी घाबरले होते की माझे दात वाजत होते. नोव्हेंबरची सकाळ, ऊन पार सोफ्यापर्यंत आलेलं, आणि माझे दात वाजत होते.

"काकीजी," मी म्हटलं, "काकाजी बरे आहेत."

त्यांनी डोळे मोठे केले. आधी त्यात आनंद आला. मी तो बघितला, तो मला अजून दिसतो. मग तो तिथल्या तिथे थांबला.

"अखिल?"

"भैय्याशीच बोलले ना मी आत्ता."

आता त्यांच्याकडे एकच नाव उरलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. आतून खिचडी करपल्याचा वास येत होता आणि आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

"कधी?" त्या म्हणाल्या.

"सकाळी."

"तू आलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी मीठ बघायला सांगितलं तुला."

मी मान हलवली. मला वाटलं त्या मला मारतील. मारावं असं वाटलं. त्या हळूहळू खाली बसल्या, सोफ्यावर नाही, खाली फरशीवर. पिवळा कुडता मांडीवर घेतला, त्याची घातलेली घडी मोडली, परत घातली. एक आवाज त्यांच्या गळ्यातून आला, तो मी लिहिणार नाही. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. श्वास घेतात की नाही, ओठ निळे पडतात का, बीपी वाढलं की माणसाचं काय होतं, मला काही माहीत नव्हतं. मी नुसती मनात म्हणत होते, यांना काही होऊ देऊ नको, यांना काही होऊ देऊ नको.

काही झालं नाही. म्हणजे, त्या मरून पडल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अखिलला लाव."

"काय सांगू?"

"तू नको सांगू. मला दे."

त्याने उचलला आणि लगेच बोलायला लागला, मला ऐकू येत होतं. "डिंपल, गाडी निघाली, भुसावळ आलं, अजून थोडंच सांभाळ, मम्मीला काही..."

"मीच आहे," काकीजी म्हणाल्या.

पलीकडे गाडीचा आवाज तेवढा राहिला.

"रडू नको. पप्पांनी काही खाल्लं का? नाही ना. मला माहीत होतं. त्यांची गोळी तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, ती दे आधी." त्या थांबल्या. "ती कुठे आहे? तू तिच्याजवळ बसलायस की पुढे?"

"जवळ," अखिलभैय्या म्हणाला.

"बामणोदच्या पुढे रस्ता उखडलेला आहे," काकीजी म्हणाल्या. "ड्रायव्हरला म्हण, घाई नाही. तिला हळू आणा."

फोन त्यांनी माझ्या हातात दिला. गॅस बंद करायला त्या उठत होत्या, पण त्यांना उठता येईना. मी आत जाऊन गॅस बंद केला. परत आले तर त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला बोलाव आता. आणि खाली सांग त्यांना, शटर लावा म्हणावं."

मी जिना उतरायला लागले. अर्ध्यावर मी तिथेच पायरीवर बसले, कठड्याला धरून, आणि सकाळपासून पहिल्यांदा आईला हाक मारली. खूप मोठ्याने. ती खाली बोळातच उभी होती, बायकांबरोबर, कधीपासूनची.